किती देवाचा कम्प्युटर

"भाऊ, हा कम्प्युटर किती देवाचा हाय?"

चंद्रपूरच्या भर बाजारातल्या दुकानात, एसीच्या गारव्यात उभं राहून मी हे मोठ्यानं विचारलं. आवाज जरासुद्धा कापला नाही! मागे प्रिया आणि दीपाली कीबोर्डच्या खोक्यांआड ओढणी तोंडात कोंबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती. मागच्या वर्षीची पुनम असती तर दुकानाच्या पायरीवरच घाम फुटला असता. पण पोंभुर्ण्याच्या गॅदरिंगमध्ये माइक हातात आला तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही, असं आई म्हणते. खरंच आहे ते.

प्रश्नात गंमत काय, ते सांगायला हवं. आम्ही गोंड. आमच्यात घरी पाहुणा आला की पाण्याच्या लोट्यासोबत विचारतात, तुमी किती देवाचे? कोणी चार देवाचं, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. सारख्याच आकड्याच्या देवाची सगळी माणसं एकमेकांची भाऊबहीण, त्यामुळे लग्न करायचं तर दुसऱ्या देवात. आणि बाई लग्न होऊन गेली की नवऱ्याच्या देवाची होते. आम्ही पाच देवाचे, दीपाली सात देवाची. प्रिया कुणब्याची, तिला देव मोजावे लागत नाहीत, पण आमच्यात राहून तिला हे सगळं पाठ झालंय.

तर सकाळी बसमध्ये मी दोघींसमोर ज्ञान पाजळत होते. प्रोसेसर म्हणजे कम्प्युटरचा मेंदू. तो बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दोन, इंटेल आणि एएमडी. एकीचा स्टिकर निळा, दुसरीचा नारिंगी. जगभर पोरं यावरून भांडतात. आणि मजा म्हणजे दोघींच्याही मालाला नंबर तेच, तीन, पाच, सात, नऊ.

"पाच, सात?" प्रिया ओरडली. "म्हंजे याही कंपन्या गोंडच निंघाल्या की व! निळा पाच आनि नारिंगी पाच भाऊ-भाऊ, निळा पाच आनि नारिंगी सात सोयरे!"

दीपाली हसून हसून सीटवरून खाली यायची बाकी राहिली. मग दोघींनी मिळून ठरवलं. दुकानात जाऊन पहिला प्रश्न हाच विचारायचा, नाहीतर दोघींना उसाचा रस पाजायचा. मी म्हटलं, विचारते, मले काय भेव?

मला वाटलं होतं, दुकानवाले प्रफुलभाऊ हसतील, नाहीतर चिडतील. ते एका उघड्या कॅबिनेटमध्ये स्क्रू फिरवत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काउंटरसमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"तुमच्या गावात हे विचाराची पद्धत हाय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"काऊन?"

"सकाळी शटर वर केलं, तवा एक बाई येऊन बसल्या. त्यांनी हेच विचारलं. हेच शब्द. हा कम्प्युटर किती देवाचा हाय."

खोक्यांमागची खुसखुस बंद झाली. दीपाली बाहेर आली. "भाऊ, मजाक करून राह्यले का? आमची बस तर तवा रस्त्यात होती."

"मजाक कायले करू? मले वाटलं प्रोसेसर विचारून राह्यल्या. मी म्हटलं, मावशी, पाचवाला हाय, सातवालाही हाय, सातवाला न्या, मोठा नंबर हाय. तर त्या खुर्चीतच मागं सरकल्या. म्हने, सातात मले नाई जाचं."

"मंग?"

"मंग काय! मी म्हटलं, मावशी, तुमाले कोन जाय म्हनून राह्यलं? डब्यात तुमाले थोडी बसाचं हाय!"

प्रिया फिसकन हसली. मला हसू आलं नाही. एसीचा गारवा एकदम मानेतून आत शिरल्यासारखा झाला, कारण ते वाक्य मी ऐकलं होतं.

सुकरी आत्या, बाबांची मोठी बहीण, धानकापणीच्या दिवसात वारली. जायच्या आधी खाटेवर बाबांचा हात धरून ती एवढंच बोलली होती, "पोचू, सातात मले नाई जाचं." तेव्हा खोलीत आई, बाबा आणि मी होतो. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. प्रियालाही नाही, आणि प्रियाला मी सगळंच सांगते.

आत्याचं लग्न सात देवाच्या घरी झालं होतं. नवरा लवकर गेला. तो गेला त्याच आठवड्यात सासूनं तिच्या डाव्या कानातलं ओढून घेतलं. काढून नाही, ओढून. कानाची पाळी फाटून दोन झाली. आत्या तशीच, पदरानं रक्त पुसत, जंगलच्या वाटेनं चालत माहेरी आली आणि परत गेली नाही. मला तिनंच वाढवलं. शाळेतून आले की विचारायची, "आज तोंड उघडलं का गुरुजीसमोर?" नाही म्हटलं की डोक्यात टपली. कम्प्युटरसाठीचे पैसेही तिचेच, मोहफुलं आणि तेंदूपानं वेचून बाजूला टाकलेले. मी व्हिडिओ बनवते ना, आमच्या गोष्टींचे, तर माझा मोबाइल रोज बंद पडायचा. ती म्हणायची, "तुले मोठा डबा घेऊन देईन."

आता गोष्ट अशी की आमच्यात माणूस मेलं म्हणून लगेच देव होत नाही. त्याला देवात मिळवावं लागतं. नदीवर जायचं, त्याच्या नावानं हाक मारायची, पाण्यात हात घालायचा. हाती जो गोटा लागेल तो म्हणजे आपलं माणूस. तो घरी आणून देवात बसवायचा. तोवर ते माणूस बाहेरच, ना इकडचं ना तिकडचं.

आत्या बाहेरच होती. कारण रीतीनं ती सात देवाची आणि तिचं मन पाचात. बाबा काही ठरवेनात. इतक्यात तिचा दीर लालसू येऊ लागला, आत्याच्या दिराला आम्ही मामाच म्हणतो. त्याच्या घरची विहीर आटली, बैल बसला तो उठला नाही, आणि त्यांच्या भुमक्यानं, म्हणजे पुजाऱ्यानं, सांगितलं की तुमची बाई बाहेर फिरून राह्यली, तिला आणा. मामा आमच्या अंधारी नदीवर गेला, हाक मारली, डोहात हात घातला. नुसती वाळू. पुन्हा गेला, पुन्हा वाळू. अंधारीत गोट्यांना काय तोटा आहे? पण त्याच्या हाती एकही लागेना. आज तो पुन्हा नदीवर जाणार होता आणि आजच्यानंतर बाबा नाही म्हणू शकणार नव्हते. कालच म्हणाले होते, "गोटा लागला तर जाऊ दे तिले. बाहेर ठेवन्यापरीस सात बरे." आत्या जिथे मेली तरी जायला तयार नव्हती, तिथेच तिला कायमचं बसवणार होते. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "तू कम्प्युटर पाहून ये. पाच का सात ते सांग, सोमवारी आनू."

हे सगळं माझ्या डोक्यातून सर्रकन गेलं. पण मी म्हणजे मी! दोन मैत्रिणींसमोर घाबरायचं? बाजारात कितीतरी गोंड बाया येतात. कोणीतरी विचारलं असेल. मी काउंटरवर कोपर टेकवलं आणि म्हटलं, "भाऊ, ते जाऊ द्या. मले व्हिडिओ एडिटिंगसाठी पाहिजे. मी नारिंगीवाला, रायझन सात ठरवून आली."

प्रफुलभाऊंनाही विषय बदललेला बराच वाटला. त्यांनी काचेच्या कपाटातून नारिंगी खोकं काढून समोर ठेवलं. "हा सात. आनि तो तिकडं निळा, तो इंटेलचा पाच. किमतीत दोघं जवळपास सारखेच."

"मंग सातच ना! एवढ्यातच मोठा नंबर भेटते तर लहान कोन घेईन?"

"इथीच लोक चुकतात, बेटा. दोन्ही कंपन्या चांगल्या हायेत. मी दोन्ही विकतो, मले कोन्याची बाजू घ्याची नाई. पन नंबर मंग पाहाचा, आधी जनरेशन पाहाची. हा सात जुन्या जनरेशनचा हाय. तो पाच नव्या जनरेशनचा. उद्या नारिंगीचा नवा पाच आला न इंटेलचा जुना सात असला, तरी मी हेच सांगन. नुसता नंबर काही सांगत नाई."

"जनरेशन म्हंजे?" दीपालीनं विचारलं.

"पिढी," मी म्हटलं. आणि का कोण जाणे, तो शब्द माझ्याच तोंडून निघाल्यावर मला कोणीतरी मागून टपली मारल्यासारखं वाटलं. मागे वळून पाहिलं. प्रिया मोबाइलमध्ये होती.

"तरीपन मले सातच," मी हट्टानं म्हटलं. "यूट्यूबवर सगळे सातच म्हनतात. निळा दाखवा, पाहून ठेवते."

प्रफुलभाऊ जागचे हलले नाहीत. "तूच उचल," ते म्हणाले. "मी सकाळपासून हात नाई लावला."

निळं खोकं काउंटरच्या टोकाला होतं, खुर्चीच्या बाजूला. त्याच्यावर पळसाच्या पानात काहीतरी गुंडाळून ठेवलेलं होतं. पान हिरवंगार होतं. मी ते उघडलं.

आत गोटा होता. काळा, गुळगुळीत, मुठीत मावेल असा. आणि ओला. बाहेर चंद्रपूरचा मे महिना, दारातली कुत्री जिभा काढून पडलेली, दुकानातली हवा एसीनं कोरडी ठाक, आणि माझ्या तळहातावर पाणी जमा होत होतं. बोटांमधून गळून निळ्या खोक्यावर टपटप पडत होतं.

"त्यांनीच ठेवला," प्रफुलभाऊ म्हणाले. "म्हने, राहू द्या इथीच. पोरगी येईन न्याले."

"कोनती पोरगी?" माझा आवाज. आता मात्र कापला.

"म्हने, जे मोठ्यानं विचारन ते."

दीपालीनं माझा दंड घट्ट धरला. "पुनम, चाल. पैज-बिज जाऊ दे. चाल इथून."

पण मला आणखी एक विचारायचं होतं. नसतं विचारलं तर रात्री झोप आली नसती, आणि विचारूनही येणार नव्हती. "भाऊ, त्या बाई... दिसाले कशा होत्या?"

"होत्या साध्याच. हातभर गोंदलेलं. मोहाचा वास येत होता अंगाले. मले नवल वाटलं, मोहाचा सीझन तर सरला." "आनि बोलता बोलता सारख्या कानाले हात लावत होत्या. हा असा." त्यांनी स्वतःच्या डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली. "फाटली होती."

प्रफुलभाऊंनी फरशीकडे बोट दाखवलं. दारापासून खुर्चीपर्यंत अनवाणी पायांचे ओले ठसे होते. लहान पावलं, टाच जराशी आत वळलेली.

"फडक्यानं पुसून पाह्यले," ते म्हणाले. "अजून वाळले नाईत."

मी ठसे पाहिले. दारातून आत येणारे. खुर्चीशी येऊन थांबलेले. परत जाणारा एकही नव्हता.

प्रिया, जी कशालाच घाबरत नाही, ती हळूच खुर्चीपासून दूर सरकली. आणि मी? आम्ही तिघी पळून जाऊ असं मला वाटलं होतं. पण मी गोटा पुन्हा पानात गुंडाळला, ओढणीच्या पदरात बांधला आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हटलं, "चाल."

कोणाला म्हटलं, ते मैत्रिणींनी विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. माणसं दांड्याला लटकली होती. तरी माझ्या बाजूच्या सीटवर कोणी बसलं नाही. एक माणूस वाकला, हात टेकवला, ओला झाला म्हणून झटकला आणि पुढे निघून गेला. प्रिया आणि दीपाली मागच्या सीटवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. कंडक्टर आला.

"तुमी तिघी का? आनि या बाईचं?"

"कोनत्या बाईचं?" प्रियानं विचारलं.

कंडक्टरनं माझ्या बाजूला पाहिलं. डोळे चोळले. "अरे, आत्ता तर होत्या. उतरल्या वाटते."

"बस तर थांबलीच नाई भाऊ," दीपाली रडवेल्या आवाजात म्हणाली.

"ऊन लई हाय, पोरीहो," कंडक्टर म्हणाला आणि तिकिटं फाडून भराभर पुढे गेला. त्यानंतर त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही.

खिडकीबाहेर साग उभे होते, पानं झडलेले, सगळे सारखे. मोहाचा वास येत होता. मी भीत होते, खोटं कशाला सांगू? पण भीतीच्या आत दुसरंही काही होतं. मला एकसारखं वाटत होतं की बाजूला बसलेलं माणूस माझ्यापेक्षा जास्त भ्यालेलं आहे. मरूनही त्या घरी परत न्यायला आले तर भीती नाही वाटणार? नदीत हाक ऐकून ते वाळूत लपलं असेल. मग तिथून निघून, जिथे पोरगी येणार हे ठाऊक, तिथे येऊन बसलं असेल. पोरगी पाच का सात विचारणार हेही ठाऊक. आत्या अशीच होती. मला शाळेतून यायला उशीर झाला की बसथांब्यावर माझ्या आधी हजर.

गावात उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. मैत्रिणी आपापल्या घरी पळाल्या. आमच्या फाटकात काळू झोपला होता. काळू आत्याचा कुत्रा. ती गेल्यापासून कोणी आलं तरी मान वर करत नाही. तो ताडकन उठला. शेपटी हलवत आला, माझ्या बाजूनं गेला आणि माझ्या मागे, जिथे कोणी नव्हतं, तिथे जमिनीवर लोळू लागला. मी मागे पाहिलं नाही.

अंगणात लालसू मामा बाजेवर बसला होता. पँट गुडघ्यापर्यंत ओली, बोटांना वाळू. वाळू बघितली आणि माझा जीव भांड्यात पडला. बाबा समोर उकिडवे बसले होते. आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"पुन्हा वाळूच, पोचूभाऊ," मामा म्हणत होता. तो वाईट माणूस नाही. रडकुंडीला आला होता. "मी हाक मारून मारून थकलो. काऊन नाई येऊन राह्यली वहिनी? आमचं घर बुडून राह्यलं. तू सोबत चाल. भावानं हाक मारली तर येईन ते."

बाबांनी खाली पाहिलं. मग ते हळूहळू उठले. खांद्यावरचा गमछा काढून कमरेला बांधू लागले. नदीवर जायला.

"पोचू," आई एवढंच म्हणाली. ती बाबांना कधी नावानं हाक मारत नाही. आवाजही तिचा नव्हता. आईनं स्वतःच चमकून कपांकडे पाहिलं. चहा हिंदकळून बशीत सांडला होता.

बाबा थांबले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली आणि काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "आली का व? काय ठरवलं मंग? पाच का सात?"

मोठ्या माणसांच्या मध्ये पोरींनी बोलू नये, हे मला माहीत आहे. मी ओढणीची गाठ सोडली. पळसाचं पान उघडून गोटा तळहातावर धरला. एवढ्या उन्हातून आला, पण अजून ओलाच होता. मामा बाजेवरून उठून मागे सरकला. बाबा त्या गोट्याकडे पाहत राहिले. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या कानाकडे गेला.

"पाच, बाबा," मी म्हटलं. अंगणभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं. "कम्प्युटर पाच आनि आत्याही पाच. मी सातच ठरवून गेल्ती, पन दुकानवाले म्हनाले, नंबर मंग पाहाचा, आधी पिढी पाहाची. तिची पिढी मी हावो. तिनं मले बोलाले शिकवलं न, मंग तिच्यासाठी मी बोलून राह्यली. मामा, तुमी आता पान्यात हात नका घालू, तिथी नाई ते. तुमच्या घरी तिचं कानातलं असन, ते आनून द्या. विहिरीचं पाहून घेईन ते, तिचं मन मोठं हाय. माय, चहाचा एक कप जास्त ठेव. बाबा, कम्प्युटर सोमवारी आनू. आधी आत्याले आत घेऊ. सकाळपासून फिरून राह्यली, थकली असन."